गळतीला तारीख नसते

प्रश्न थोडक्यात असा. विक्रोळी पूर्वेला १९८८ साली बांधलेल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंच्या घरात जुलैमधल्या एका रात्री पाणी शिरलं. वरच्या फ्लॅटमध्ये गीझरकडे जाणारा पाइप फुटला होता. हॉलच्या छताचं प्लास्टर पडलं, कपाट फुगलं, गाद्या भिजल्या, टीव्ही बंद पडला. त्यांनी २ लाख १० हजारांचा क्लेम केला आणि हातात आले ३८ हजार. त्या विचारतात, "सहा वर्षं न चुकता प्रीमियम भरला. घराचा विमा आहे, घराचंच नुकसान झालं, मग पैसे कापले कसे?"

ताई, मी २८ वर्षं मुंबईत सर्व्हेअर म्हणून, म्हणजे विमा क्लेममधल्या नुकसानीची पाहणी करणारा म्हणून, काम केलं. तुमच्या घरी जो माणूस फाइल आणि कॅमेरा घेऊन आला होता, त्याच्या जागी मी शेकडो घरांत उभा राहिलो आहे. त्यामुळे तो काय बघत होता ते मी सांगू शकतो. तुमच्या बाबतीत तो एका ठिकाणी बरोबर आहे, एका ठिकाणी अर्धा बरोबर, आणि एका ठिकाणी मला वाटतं चुकला आहे.

आधी मूळ गोष्ट. आपण "घराचा विमा" म्हणतो आणि मनात चित्र असं असतं की घराला काहीही झालं तरी कंपनी भरून देईल. पॉलिसीचा कागद तसा बनलेलाच नाही. त्यात घटनांची एक यादी असते. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी देणं बंधनकारक झालं, आणि तुमची पॉलिसी बहुधा तीच किंवा तिच्यावर आधारलेली असणार. तिच्या यादीत आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी तुंबणं, जमीन खचणं, दरड, बाहेरची वस्तू येऊन आदळणं (झाड, वाहन, भिंत), दंगल, दहशतवादी कृत्य, आणि पाण्याच्या टाक्या, उपकरणं व पाइप फुटणं किंवा ओसंडून वाहणं, अशा घटना आहेत. नुकसान यांपैकी एखाद्या घटनेमुळे झालं तर पैसे मिळतात. म्हणून सर्व्हेअर दारात पाऊल टाकताच विचारतो, "काय झालं आणि केव्हा झालं?" किती नुकसान झालं हे तो नंतर बघतो.

"केव्हा" याला उत्तर नसेल तर क्लेम तिथेच लंगडा पडतो. मुंबईतल्या घरांचं खरं दुखणं हेच आहे. आपल्याकडे घरं एका रात्रीत क्वचित बिघडतात. चार महिने पाऊस, खारी हवा, वरच्याच्या बाथरूमची झिजलेली जोडणी, गच्चीवरचं दहा वर्षांपूर्वीचं वॉटरप्रूफिंग, यांतून ओल हळूहळू उतरते. पोपडे येतात, सळ्या गंजून फुगतात, आणि एक दिवस छताचा तुकडा सोफ्यावर येऊन पडतो. पडण्याला तारीख असते, पण पडण्याच्या कारणाला नसते.

आता तुमचे आकडे बघू. छताचं प्लास्टर आणि रंग ८५ हजार, कपाट ६० हजार, टीव्ही ४२ हजार, गाद्या-अंथरुणं-पडदे २३ हजार. कंपनीने गाद्या वगैरे पूर्ण दिल्या, कपाटाचे १५ हजार दिले, बाकी शून्य.

प्लास्टरबद्दल मला वाईट वाटतं, पण मी असतो तरी तेच लिहिलं असतं. तुम्हीच सांगितलंत की पडलेल्या जागी आतल्या सळ्या तांबूस होऊन पापुद्रे सुटले होते. एका रात्रीच्या पाण्याने सळई अशी गंजत नाही, त्याला वर्षं लागतात. त्या रात्रीच्या पाण्याने आधीच सुटत आलेलं प्लास्टर पडलं इतकंच. जुनी गळती, झीज, गंज ही पॉलिसीच्या यादीतली घटना नव्हे. ज्या भागाचं प्लास्टर शाबूत होतं आणि फक्त रंग खराब झाला, त्या भागाच्या रंगाचे पैसे मात्र मागता येतात. तुमच्या अहवालात हॉल आणि बेडरूमचा रंग एकत्रच नामंजूर केलेला दिसतो. तो वेगळा काढून मागा.

कपाटाचं असं की खालच्या पाठीला काळी बुरशी होती, म्हणजे भिंतीची ओल जुनी. पण शटर आणि वरचे कप्पे त्या रात्री फुगले असतील तर ते फुटलेल्या पाइपाचं नुकसान आहे. एक चतुर्थांश रक्कम कशाच्या आधारावर काढली, हे सर्व्हेअरने लिहायला हवं. नुसतं "घसारा व पूर्वस्थिती" असं दोन शब्दांत उरकणं बरोबर नाही. सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आणि टीव्ही. इथे मला वाटतं चूक कंपनीची आहे. त्यांनी विजेच्या उपकरणांचं कलम लावलं. ते कलम खरंच आहे: शॉर्ट सर्किट, जास्त दाब, आपोआप तापणं यांमुळे एखादं विजेचं उपकरण जळालं तर त्या उपकरणाचे पैसे मिळत नाहीत. वीज पडून व्होल्टेज वाढलं आणि टीव्ही गेला तरी नाही. (त्या टीव्हीतून आग लागून पडदे आणि सोफा जळाला तर पडद्यांचे आणि सोफ्याचे मिळतात, टीव्हीचे नाहीत. कलम फक्त त्या एका उपकरणापुरतं आहे.) पण तुमच्या टीव्हीत वरून पाणी गेलं. मूळ कारण फुटलेला पाइप आहे, आणि तो यादीत आहे. टेक्निशियनच्या कागदावर "शॉर्ट सर्किट" एवढंच लिहिलं असेल तर कंपनी ते दाखवत राहील. त्याच टेक्निशियनकडून सविस्तर लिहून घ्या: आत पाणी शिरल्याच्या खुणा आहेत का, बोर्डावर डाग आहेत का. खोटं लिहून घेऊ नका, जे आहे ते पूर्ण लिहून घ्या. सर्व्हेअरच्या धंद्यात एका अर्धवट वाक्यामुळे खरे क्लेम बुडालेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

तुमच्या प्रश्नात एक दुसरा प्रश्न दडलेला आहे, आणि तो तुमच्या एकट्यापुरता नाही: जे विमा देत नाही, ते द्यायचं कोणी? बऱ्याच वेळा उत्तर असतं, सोसायटी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटी चालवण्याचे नमुना नियम) गच्चीची दुरुस्ती, बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइन्स, पावसाच्या पाण्याची गळती, छताची संरचनात्मक दुरुस्ती, आणि गच्चीतून पाणी झिरपून सर्वांत वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान, हे सोसायटीच्या खर्चाने करायचं असतं. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधली, सिंकमधली गळती मात्र त्या सभासदाची जबाबदारी. तुमच्या हॉलच्या स्लॅबच्या सळ्या गंजल्या असतील तर सोसायटीकडे लेखी अर्ज करा, इंजिनिअरकडून कारण ठरवून घ्या, आणि कारण वरच्या बाथरूमचं निघालं तर त्या शेजाऱ्यांकडे मागा. विम्याच्या दारात उभं राहून जे मिळणार नाही ते या दारांत मिळू शकतं, आणि लोक तिकडे जातच नाहीत.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर सेक्रेटरींकडे इमारतीच्या पॉलिसीची प्रत मागा. उपविधींप्रमाणे सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंप यांसाठी विमा काढलेला असायलाच हवा. मी कित्येक सोसायट्यांत पाहिलं की पॉलिसी आहे, पण विमा रक्कम पंधरा वर्षांपूर्वीची, दरवर्षी तीच पुढे ढकललेली. ज्या पॉलिसीत सरासरीचं कलम (विमा रक्कम कमी असेल तर त्या प्रमाणात क्लेम कापण्याची अट) लागू असतं तिथे हे फार महागात पडतं. समजा इमारत पुन्हा बांधायला २० कोटी लागतील आणि विमा ८ कोटींचाच आहे. मग ५० लाखांची आग लागली तरी कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे २० लाखच देणार. उरलेले ३० लाख सभासदांच्या खिशातून. तुमच्या वैयक्तिक गृह रक्षा पॉलिसीत हे कलम माफ केलेलं आहे, ही चांगली सुधारणा आहे. पण सोसायटीच्या पॉलिसीबाबत वाचून खात्री करा. आणि सोसायटीची पॉलिसी तुमचा फ्रिज, कपाट, भांडी यांना हात लावत नाही. ती भिंती, जिना, लिफ्ट, पंप यांच्यापुरती असते.

आता विमा रकमेबद्दल. यावर माझे अनेकांशी वाद झाले आहेत आणि लोक चिडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. दादरला ६०० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट अडीच कोटींना विकला जातो. मालकाला वाटतं, विमा अडीच कोटींचा हवा. पण त्या अडीच कोटींत मोठा भाग जमिनीचा आणि जागेच्या पत्त्याचा आहे, आणि जमीन जळत नाही. गृह रक्षा पॉलिसीत इमारतीची रक्कम कार्पेट क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर अशी काढतात. उदाहरणादाखल चौरस फुटाला ४ हजार धरले तर २४ लाख. त्याच्या २० टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार, घरातल्या सामानासाठी आपोआप मिळतात, यादी न देता. ही आपोआपची मर्यादा कितीही मोठं घर असलं तरी १० लाखांवर जात नाही. त्यापेक्षा जास्त सामान असेल तर तपशील देऊन रक्कम वाढवून घ्यावी लागते. इमारत पूर्ण गेली तर तुम्हाला २४ लाख मिळतील, अडीच कोटी नाहीत. काही कंपन्या फ्लॅटसाठी ठरलेल्या मूल्याची वेगळी पॉलिसी देतात. तिचा प्रीमियम जास्त असतो आणि पूर्ण नुकसान झाल्यावर जागेचे हक्क कंपनीकडे देण्यासारख्या अटी असू शकतात. कुणाला ती हवी असेल तर सही करण्याआधी नेमकं हेच कलम वाचावं.

बँकेच्या कर्जावर घर घेतलेल्यांनी आणखी एक तपासावं. कर्ज घेताना जो "विमा" कर्जात मिळवून दिला जातो, तो बऱ्याचदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटतं, घर जळालं तर काहीच होत नाही. मुलुंडच्या एका कुटुंबाने आगीनंतर मला विश्वासाने काढून दाखवलेला कागद हाच होता. त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघून मला तो कागद पुन्हा घडी घालून द्यावा लागला.

सोन्याचं. घरातलं सोनं सामानाच्या रकमेत धरलं जात नाही. त्यासाठी मौल्यवान वस्तूंचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, त्यात किंमत आधी ठरवलेली असते. एक वस्तू १ लाखापर्यंत आणि एकूण ५ लाखांपर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही, वर गेलं की लागतो. पण हे कव्हरसुद्धा त्याच यादीतल्या घटनांपुरतं आहे. साधी घरफोडी त्या यादीत नाही! यादीतली चोरी म्हणजे आग, पूर, दंगल अशा घटनेनंतर ७ दिवसांत आणि त्या घटनेमुळे झालेली चोरी. गणपतीला कोकणात गेलात आणि मागे कुलूप तोडून दागिने नेले, तर गृह रक्षा पॉलिसी एक रुपया देणार नाही. त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं, किंवा गृहधारकांची एकत्रित पॉलिसी. तिथेही बळजबरीने आत शिरल्याची खूण लागते: तुटलेलं कुलूप, वाकवलेला ग्रिल. दार उघडं राहिलं, घरकामाच्या माणसाने नेलं, वस्तू कधी गेली कळलंच नाही, अशा गोष्टी साधारणपणे बाहेर राहतात. घर किती दिवस सलग बंद राहिलं तर कव्हर थांबतं हेही तिथे लिहिलेलं असतं, बहुतेक ठिकाणी ३० दिवस. पोलिसांत लगेच तक्रार, पंचनामा, आणि तपास लागला नाही तर नंतरची अ-समरी (गुन्हा खरा पण तपास लागला नाही, असा पोलिसांचा अहवाल), हे कागद कंपनी मागते. अ-समरी मिळायला महिने जातात, तेव्हा पाठपुरावा आपणच करायचा.

रोख रक्कम, कागदपत्रं, गाडी, सुटे न जडवलेले हिरे, हे मूळ कव्हरबाहेर. बाहेर नेलेली वस्तूही बाहेर.

पुराबद्दल मुंबईकराला मी काय सांगणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पुढचे कित्येक आठवडे मी कलिना आणि कुर्ल्याच्या तळमजल्यांवर फिरत होतो. तेव्हाच्या आगीच्या पॉलिसीतही पूर होता, आणि ते क्लेम आम्हाला सोपे गेले, कारण भिंतीवर पाण्याची रेघ होती. छातीइतकी, कुठे डोक्यावर. त्या रेघेखाली जे होतं ते भिजलं, याबद्दल वाद नाही. दिवस माहीत, वेळ माहीत, कारण साऱ्या शहराला माहीत. ज्यांनी रेघ पुसायच्या आधी फोटो काढले त्यांना कधी त्रास झाला नाही. दर पावसाळ्यात खिडकीतून येणारा सपकारा आणि भिंतीतून झिरपणारं पाणी मात्र पूर नव्हे, वादळही नव्हे, आणि त्यात नेमकं घटनेचं नाव लिहिता येत नाही.

जमीन खचण्याच्या कलमाकडे आपण मुंबईकरांनी विशेष लक्ष द्यावं. जमीन खचणं कव्हर आहे, पण भराव टाकलेली जमीन बसणं, समुद्र किंवा नदीकाठची धूप, नवीन इमारतीला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, आणि सदोष बांधकाम हे वगळलेलं आहे. सात बेटं भराव टाकून जोडलेल्या शहरात हा अपवाद लहान नाही.

आणि इमारत कोसळणं. यावर बोलताना माझा आवाज अजून बदलतो. "कोसळणं" ही यादीतली स्वतंत्र घटना नाही. आगीने, भूकंपाने, पुराने कोसळली तर कव्हर. जीर्ण होऊन कोसळली तर नाही. गिरगावात एका जुन्या चाळीची गॅलरी पडली, आतल्या वृद्ध जोडप्याने आयुष्यात पहिल्यांदा विमा काढलेला, आणि अहवालात कारणाच्या रकान्यात मला "जीर्णता" लिहावं लागलं. दुसरं काही लिहिणं खोटं ठरलं असतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक जुन्या इमारतीतल्या माणसाला सांगतो: स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, हाच तुमचा विमा आहे. उपविधी सांगतात की १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी, आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हावं. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३५३बसुद्धा ३० वर्षांवरच्या इमारतीला स्थैर्य प्रमाणपत्र मागतं. ताई, तुमची इमारत १९८८ ची आहे. तुमच्या छताच्या सळ्या दिसल्या आहेत. ऑडिट शेवटचं कधी झालं हे या महिन्याच्या बैठकीत विचारा. क्लेमच्या पैशांपेक्षा मला ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

पगडीच्या घरात राहणाऱ्यांचा हक्क वेगळा असतो. इमारत मालकाची, पण आतलं सामान तुमचं, आणि त्याचा विमा तुम्हाला काढता येतो. भाडेकरूंनाही तेच. घरमालक फक्त इमारतीचा काढतो आणि भाडेकरूला वाटतं की आपलं सामान त्यात आलं.

बाल्कनी बंद करून खोली वाढवली, पोटमाळा बांधला, तर कंपनीला कळवा. कार्पेट क्षेत्रफळ १० टक्क्यांहून जास्त वाढलं आणि वाढीव प्रीमियम भरून पॉलिसीत नोंद केली नाही, तर त्या वाढीव भागाला कव्हर मिळत नाही. घर भाड्याने दिलं, किंवा क्लासेस, ऑफिस सुरू केलं, तरी कळवायचं.

यादीतल्या घटनेमुळे घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याचं भाडं गृह रक्षा पॉलिसीत मिळतं. हे बहुतेकांना माहीतच नसतं आणि ते मागत नाहीत. राडारोडा उचलण्यासाठी क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत, आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत मिळतं. उलट, तुमच्या घरातला पाइप फुटून खालच्यांचं नुकसान झालं तर ते तुमची गृह रक्षा पॉलिसी देत नाही. त्याला तिसऱ्या पक्षाच्या दायित्वाचं वेगळं कव्हर लागतं. बहुमजली शहरात राहणाऱ्याने ते घ्यावंच असं माझं मत आहे. तुमच्या वरच्या शेजाऱ्यांकडे ते आहे का, विचारून बघा. असेल तर तुमचे उरलेले बरेच पैसे तिथून निघू शकतात, आणि शेजारधर्मही टिकेल.

आता तुम्ही काय करायचं. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा आणि तीनच मुद्दे मांडा: टीव्ही, कपाटाची कपात, बेडरूमचा रंग. प्लास्टरचं मागू नका. जे मिळणार नाही ते मागितलं की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचं वजन कमी होतं. विमा नियामक प्राधिकरणाच्या (आयआरडीएआय) 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं. सोबत घटनेची तारीख आणि वेळ लिहिलेलं सोसायटीचं पत्र, वरच्या शेजाऱ्यांचं दोन ओळींचं निवेदन, प्लंबरचं बिल, आणि त्या रात्रीचे फोनमधले फोटो मूळ स्वरूपात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेल्या फोटोंवरची वेळ निघून जाते, म्हणून मूळ फाइल जपा.

आणि प्लंबरने बदललेला तो फुटलेला पाइप वरच्यांच्या घरात कुठे पडला असेल तर आजच मागून घ्या. तो चिरल्याची ताजी कड तुमच्या टीव्हीसाठी बोलेल.